दानाचा रुपया आणि सरकारचा रुपया

वडोदऱ्यात दान देणाऱ्यांची वानवा नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्यावाटप, श्रावणात अन्नदान, गणपतीत रक्तदान आणि आरोग्य शिबिर, थंडी पडली की ब्लँकेट. दांडिया बाजारातली मराठी मंडळी असोत, रावपुऱ्यातले व्यापारी असोत की गुजराती ज्ञातीमंडळं, प्रत्येकजण आपापल्या परीने हात सैल सोडतो. सरकारी योजनाही कमी नाहीत. तरी वह्यावाटपाच्या रांगेत दरवर्षी पुष्कळशी तीच घरं दिसतात. थोरल्याची शाळा सुटते आणि त्याच्या जागी धाकटी येऊन उभी राहते.

दानही होतंय, योजनाही आहेत, मग ही घरं वर का येत नाहीत? मला वाटतं याचं एक मोठं कारण असं, की दानाचा पैसा आणि सरकारचा पैसा यांची कामं निराळी आहेत हे आपण लक्षातच घेत नाही. सरकारचा पैसा अफाट आहे, पण तो कागदावर चालतो. दानाचा पैसा मूठभर आहे, पण तो कुणाच्याही दारात जाऊ शकतो. मूठभर पैशाने अफाट पैशाचं काम करायला गेलं की दोन्ही वाया जातात. हे नीट कळायला आधी गरिबी म्हणजे काय, ती मोजतात कशी, हे पाहायला हवं.

गरीब कोणाला म्हणायचं

याचा पहिला गाजलेला हिशेब मराठी मुलखातच झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये विचारलं, की माणसाला रोज २,२५० कॅलरी पोटात घालायला महिन्याला किती खर्च येतो? १९६०-६१ च्या किमतींत खेड्यात दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, असं त्यांचं उत्तर होतं. ज्याचा खर्च त्याच्या खाली, तो गरीब. पुढच्या समित्यांनी आकडे बदलले, पद्धतीही बदलल्या. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ही रेषा खेड्यात महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये दरडोई निघाली, म्हणजे शहरात दिवसाला ३३ रुपये. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि तो रास्त होता. रोजचे ३४ रुपये खर्च करणारा माणूस रेषेच्या वर गेला, एवढ्याने त्याचं घर चालत नाही.

म्हणून आता दुसरंही माप वापरतात. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पैसे विचारत नाही, घर विचारतो. घरात कुणी कुपोषित आहे का, मूल शाळेत जातं का, चूल कशावर पेटते, संडास, पाणी, वीज, पक्कं घर, बँकेत खातं आहे का, अशा बारा गोष्टी. त्यांचं वजन धरून एक तृतीयांश गोष्टींत कमी पडलं की ते घर गरीब. या मापाने देशातली गरिबी २०१३-१४ मध्ये २९.१७ टक्के होती, ती २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आली असं आयोगाचं म्हणणं आहे. यात गॅस, वीज, संडास आणि जनधन खात्यांचा वाटा मोठा आहे. हा बदल खरा आहे, आपल्या आजूबाजूच्या वस्त्यांतही दिसतो. पण घरात गॅसची टाकी असणं आणि ती भरायला पैसे असणं यांत अंतर आहे, आणि खातं उघडलेलं असणं म्हणजे त्यात शिल्लक असणं नव्हे.

या दोन्ही मापांना एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे घसरण.

अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात आणि इतर राज्यांतल्या गावोगाव जाऊन लोकांना एकत्र बसवलं आणि प्रत्येक घराबद्दल विचारलं: हे घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कसं होतं, आज कसं आहे? त्यातून कळलं की गरिबांचा आकडा जरी सावकाश हलत असला तरी त्याच्या आत सारखी ये-जा चालू असते. काही घरं वर येतात, त्याच काळात दुसरी काही खाली जातात. वर यायची कारणं वेगळी, खाली जायची वेगळी. वर येतात ती जोडधंद्यामुळे, शहरातल्या कामामुळे, पाण्याची सोय झाल्यामुळे. खाली जातात ती मुख्यतः आजारपणाने, दवाखान्याच्या खर्चाने, लग्न-मर्तिकाच्या खर्चाने आणि या सगळ्यासाठी काढलेल्या चढ्या व्याजाच्या कर्जाने.

हे समजलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. गरिबी कमी करायची म्हणजे वर यायला मदत करायची एवढंच नाही, घसरणाऱ्याला धरायचंही आहे. ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांना निराळे उपाय लागतात. चांगली नोकरी लागलेल्या मुलाचं घर बापाच्या एका शस्त्रक्रियेने पुन्हा मागे जातं, तेव्हा शिष्यवृत्ती वाया गेली असं म्हणण्यात अर्थ नाही. खाली जाळी नव्हती.

सयाजीरावांनी काय वेगळं केलं

राजाच्या दानाला धोरणाचं रूप कसं येतं, हे पाहायला वडोदऱ्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या हाती १८८१ मध्ये पूर्ण कारभार आला. गरीब मुलांना शिकवायचं तर पन्नास हुशार मुलं निवडून त्यांना वजिफे देणं सोपं होतं, तसं पुष्कळ संस्थानिक करत. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं करून पाहिलं. आधी थोडक्या गावांत प्रयोग, त्यातल्या अडचणी समजून घेणं, मग विस्तार.

मध्ये छप्पन्याचा दुष्काळ पडला, १८९९-१९०० चा. बडोदा संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. इतका फटका बसलेल्या राज्याने शिक्षणाचा खर्च आवरता घेतला असता तर कुणी बोल लावला नसता. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये इंग्रज सरकारच्या विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला दिला. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं.

शिष्यवृत्ती आणि सक्तीचं शिक्षण यांतला फरक असा, की शिष्यवृत्ती कुणाला द्यायची हे देणारा ठरवतो. कायद्याने मिळणाऱ्या शिक्षणात घेणाऱ्याला कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. सामाजिक धोरण म्हणतात ते हेच. मदत कुणाच्या मर्जीवर न ठेवता नियमात बांधायची, आणि तिच्यासाठी दरवर्षी तिजोरीतून तरतूद करायची.

शिष्यवृत्त्यांनाही मोल होतं. याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. त्या पैशाने काय घडलं हे वेगळं सांगायला नको. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. करारानुसार राज्याची नोकरी करायला आंबेडकर १९१७ मध्ये या शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही काढलं. ते कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. शिष्यवृत्तीने विद्या मिळाली. त्या विद्वानाला घर मिळेल असं शहर पैशाने झालं नाही. गरिबीचा विचार निव्वळ रुपयांत करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

सरकारचा रुपया कुठे अडतो

आता आजचं पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सुमारे ८१ कोटी लोकांना धान्याचा हक्क मिळाला. अंत्योदय कार्डावर घराला महिना ३५ किलो, बाकीच्यांना माणशी ५ किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. केंद्राचा अन्न अनुदानाचा खर्च वर्षाला दोन लाख कोटींच्या घरात जातो. याउलट कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, त्या सगळ्या सीएसआरची देशभरची बेरीज २०२२-२३ मध्ये सुमारे तीस हजार कोटी होती. म्हणजे सगळ्या उद्योगांनी मिळून दिलेलं सीएसआर एका रेशनच्या खर्चाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं. दानाने सरकारची जागा घेता येत नाही ती यामुळे. कितीही मोठा दाता असो, ८१ कोटींना तो दरमहा धान्य पुरवू शकत नाही.

पण सरकारच्या पैशापुढे एक प्रश्न कायम असतो: द्यायचं कुणाला? यादी करायची तर दोन चुका होतात. खाऊनपिऊन सुखी माणसाचं नाव आत येतं आणि खऱ्या गरजूचं बाहेर राहतं. वर्तमानपत्रांत पहिल्या चुकीच्या बातम्या येतात, मोटारवाल्याकडे बीपीएल कार्ड वगैरे. मला दुसरी चूक कितीतरी भयंकर वाटते. पहिल्या चुकीत पैसा वाया जातो, दुसरीत माणूस. शिवाय पहिली चूक टाळायला नियम कडक करावेत, तसतशी दुसरी वाढते, कारण जास्तीचा प्रत्येक दाखला आणायला सर्वांत जड जातं ते सर्वांत गरिबालाच.

यातून महाराष्ट्राने काढलेली वाट फार हुशारीची होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: जो काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. उन्हात माती वाहायला, तेही त्या मजुरीत, गरज असलेलाच येणार. त्यामुळे गरीब कोण हे ठरवायला दाखल्याची गरजच उरली नाही. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

सगळ्याच मदतीला असा उपाय चालत नाही. म्हातारी माणसं, विधवा, अपंग यांना माती वाहायला सांगता येत नाही. तिथे कागद लागतोच. आणि कागद काय करतो ते जवळून बघावं.

आमच्या भागातल्या एका छोट्या ट्रस्टसाठी मी फॉर्म भरून द्यायला बसते. चार घरी भांडी-फरशी करणाऱ्या एक मावशी आल्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. गुजरातेत विधवांना गंगास्वरूपा योजनेत महिना १,२५० रुपये मिळतात, शहरात घराचं वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत हवं. मावशी त्यात सहज बसत होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी सगळे कागद काढून सतरंजीवर मांडले. रेशनकार्डावर नवऱ्याचं नुसतं नाव, मृत्यूच्या दाखल्यावर नावाला ‘भाई’ जोडलेलं, आधारवर आडनाव आधी आणि तेही वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं. खिडकीवर त्यांना सांगितलं होतं की ही तीन माणसं दिसतात. मावशी मला म्हणाल्या, “ताई, माणूस तर एकच होता ना हो.”

मग स्टँप पेपर, नोटरी, एफिडेव्हिट. आवकेचा दाखला निराळा, त्याला शेजाऱ्यांचे जबाब. प्रत्येक फेरीला कामावर खाडा आणि खाड्याला पगारकपात. एका घरी त्यांच्या जागी दुसरी बाई ठेवायची भाषा झाली. दोन वर्षं त्यांनी अर्ज केला नव्हता तो माहिती नव्हती म्हणून नाही. अर्ज करणं परवडत नव्हतं. माझ्या ओळखीत असं कितीतरी बायकांचं झालं आहे. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, कारण साबणाच्या पाण्यात राहून बोटांच्या रेषाच गेल्या, ही तक्रारही भांडीवाल्या बायकांकडूनच ऐकू येते.

आणखी एक अडचण महागाईची. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. २००७ मध्येही तो तेवढाच होता. राज्यं त्यात आपली भर घालतात म्हणून रक्कम बरी दिसते. हक्क नियमात बांधला तरी रक्कम महागाईशी बांधली नाही, तर तो हक्क दरवर्षी थोडा थोडा विरत जातो.

मग दानाने काय करावं

दानाच्या पैशाचा पहिला मोठा गुण म्हणजे वेग. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गच्चीवर अडकलेल्या लोकांना पाण्याच्या बाटल्या आणि खिचडी नेऊन दिली ती पुष्कळशी आसपासच्या मंडळांनी आणि मंदिरांनी. सरकारी मदतीला पंचनामा लागतो, आणि लागायलाही हवा, तो सार्वजनिक पैसा आहे. खिचडीला लागत नाही.

दुसरा गुण फारसा कुणी बोलत नाही असा आहे: दानाच्या पैशाला चुकण्याची मुभा असते. सरकारने हजार शाळांत एखादी गोष्ट केली आणि ती फसली तर चौकशी लागते. संस्थेने पन्नास शाळांत करून पाहिली आणि फसली तर शिकायला मिळतं. याचं एक उदाहरण थेट आपल्या महापालिकेच्या शाळांतलं आहे आणि ते वडोदऱ्यातच कुणाला फारसं माहीत नाही. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेने इथे आणि मुंबईत बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीत असून ज्यांना पहिली-दुसरीचंही येत नाही अशी पंधरा-वीस मुलं वर्गातून दोन तास बाजूला काढायची आणि वस्तीतल्याच शिकलेल्या एका मुलीने त्यांना वाचायला आणि आकडेमोड करायला शिकवायचं. तिचं मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मोजमाप केलं. कोणत्या शाळेत तिसरीला आणि कोणत्या शाळेत चौथीला बालसखी मिळेल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे तुलना खरी व्हावी. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांचे सर्वांत जास्त. वडोदऱ्याच्या शाळांत राज्य सरकारने दिलेले संगणक होते, त्यांवर आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ ठेवले तर गणितही चांगलंच सुधारलं. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच तऱ्हेच्या कामासाठी.

पण त्याच अभ्यासात पुढे असंही आढळलं की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ही कमाई बरीचशी ओसरली, थोडीच उरली. माझ्या दृष्टीने हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. प्रयोगाने वाट दाखवली. वर्षानुवर्षं प्रत्येक मुलासाठी ती चालू ठेवणं दानाच्या आवाक्यातलं नाही, ते शाळा चालवणाऱ्या व्यवस्थेनेच करायचं.

योजनांच्या मधल्या फटी भरणं हेही दानाचं काम आहे. आयुष्मान कार्डावर घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, गुजरातने २०२३ मध्ये ही मर्यादा दहा लाख केली. पण ही सोय मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरची. दाखल न होता चालणारी तपासणी, मधुमेह-रक्तदाबाची रोजची औषधं, आजारी माणसाजवळ बसलेल्या बायकोची बुडालेली मजुरी, गावाहून येण्याचं भाडं, हे सगळं खिशातून जातं. घरं घसरतात ती पुष्कळदा याच खर्चाने. सयाजी हॉस्पिटलच्या आवारात नातेवाइकांच्या जेवणाची सोय करणं किंवा औषधांचा खर्च उचलणं यामागचं शहाणपण हे आहे, आणि असं दान मला वह्यावाटपापेक्षा अधिक मोलाचं वाटतं.

आणि या सगळ्यांवर कडी करणारं काम म्हणजे माणसाला त्याच्या हक्कापर्यंत पोहोचवणं. साधा हिशेब करू. समजा एखाद्या ट्रस्टची पाच लाखांची कायम ठेव आहे. सात टक्क्यांनी वर्षाला ३५,००० रुपये व्याज. करसवलत टिकवायची तर त्यातले ८५ टक्के, म्हणजे २९,७५० रुपये, ट्रस्टच्या कामावर खर्च करावे लागतात. त्यात एकोणसाठ मुलांना प्रत्येकी पाचशे रुपयांच्या वह्या येतील. किंवा वस्तीतल्याच एका बारावी झालेल्या मुलीला महिना २,४०० मानधन देऊन आठवड्यातून दोन दुपारी फॉर्म भरायला, बाईबरोबर खिडकीवर जायला, नावातल्या चुका दुरुस्त करून आणायला बसवता येईल. तिने वर्षभरात फक्त दहा विधवांची पेन्शन सुरू करून दिली, तरी वर्षाला दीड लाख रुपये त्या दहा घरांत येतात. खर्चाच्या पाचपट, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. त्यातून वह्याही विकत घेता येतात, कुणाचा फोटो न काढता.

याला एक आक्षेप मी नेहमी ऐकते, की हे तर सरकारचंच काम, ते आपण का करायचं? आक्षेप बरोबर आहे. मृत्यूची नोंद सरकारकडे आहे, रेशनकार्ड सरकारकडे आहे, तर विधवेला पेन्शनसाठी फेऱ्या का? ते विचारलंच पाहिजे, माहितीच्या अधिकारात अर्ज करून, नगरसेवकाला गाठून, दहाजणींचे सारखेच अडलेले अर्ज एकत्र मांडून. पण उत्तर येईपर्यंत त्या बाईचे दरमहा साडेबाराशे बुडत राहतात. भांडण आणि मदत दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि ज्यांनी दहा अर्ज स्वतः हाताळले आहेत त्यांना नियम नेमका कुठे बदलायला हवा हे नीट सांगताही येतं.

देण्याआधी

ट्रस्टला विचारण्यासारखा पहिला प्रश्न: पगारावर किती खर्च होतो? आपल्याकडे हा प्रश्न दोष काढायला विचारतात. माझा अनुभव असा की या कामात माणूस हेच काम असतं. फॉर्म भरणारी मुलगी हा ‘वरखर्च’ नाही. सीएसआर देणाऱ्या कंपन्यांची ओढ मोजता येईल अशा वस्तूकडे असते: इतकी बाकं, इतक्या सायकली. पैसा बहुधा एक-दोन वर्षांचा असतो, आणि कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे तो महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक अशा उद्योगवाल्या राज्यांत जास्त पडतो आणि जिथे गरिबी अधिक तिथे कमी. परदेशी देणग्यांचे नियम २०२० मध्ये आणखी आवळले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या लहान ट्रस्टांना खरा आधार तुमच्या-माझ्यासारख्यांच्या लहान आणि नियमित देणग्यांचाच आहे. वाढदिवसाला एकदम पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला चारशे ठरवून दिले तर त्या मुलीचं मानधन अडत नाही.

ट्रस्ट चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेला आहे का, दरवर्षी हिशेब भरतो का, हे बघावं. पावती घ्यावी. देणगीवरची आयकरातली वजावट (जिला आपण ८०जी म्हणतो) हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख देऊ नका. नव्या करपद्धतीत ही वजावट मिळतच नाही, तेव्हा आधी स्वतःचं विवरणपत्र कोणत्या पद्धतीत आहे ते पाहा.

आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना विचारा, पेन्शन मिळते का, कार्डावर धान्य येतं का. मिळत नसेल तर कागद घेऊन बसा, आणि कचेरीत जायच्या दिवसाची पगारी रजा द्या. गंगास्वरूपाच्या लाभार्थींना पुन्हा लग्न केलं नसल्याचा दाखला दरवर्षी जुलैत द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. ऐन पावसाळ्यात तो राहून जातो, तेव्हा जूनमध्येच आठवण करा.